धाराशिवहून सफारीला : विमान निवडण्याचा उलटा हिशेब

'सफारी' हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण तो आपल्याच 'सफर'चा सख्खा भाऊ आहे. अरबीतला 'सफर' फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि समुद्राच्या वाटेने आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्वाहिली भाषेत गेला. स्वाहिलीत सफारी म्हणजे नुसता प्रवास. धाराशिवहून लातूरला सोयरीक जमवायला निघालेला माणूसही तिथल्या भाषेत सफारीवरच असतो. जनावरे पाहण्याचा अर्थ गोऱ्या शिकाऱ्यांमुळे नंतर चिकटला.

आता हा शब्द आपल्या जिल्ह्यातही चांगलाच रुळला आहे. निवृत्तीचे पैसे हातात आलेली शिक्षक मंडळी, द्राक्षबागायतदार, पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलांचे आईवडील असे अनेक जण आफ्रिकेची चौकशी करतात. मी भूगोल शिकवत होतो, त्यामुळे ही चौकशी फिरून माझ्याकडे येते. पहिला प्रश्न ठरलेला : कोणत्या कंपनीच्या विमानाने जावे? माझे उत्तरही आता ठरलेले आहे. हा प्रश्न शेवटचा आहे. आधी माणूस कोण आणि त्याचे वय काय, मग त्याला कोणता देश झेपतो, मग तिथला हंगाम, मग वाट. एवढे ठरले की कंपन्यांची यादी आपोआप दोन-तीन नावांवर येते. हा उलटा हिशेब मी माझ्या थोरल्या चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या प्रवासासाठी पहिल्यांदा नीट मांडला. त्यांच्याकडे येण्याआधी थोडे मागे जाऊ.

आपल्या भागातून आफ्रिकेकडे जाणारी वाट नवी नाही. तेर हे आज गोरोबाकाकांचे गाव म्हणून आपल्याला ठाऊक आहे, पण दोन हजार वर्षांपूर्वी ते 'तगर' नावाचे व्यापारी नगर होते. तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट या अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे सांगितले आहे. तिथून साधे कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जात असे. याच पुस्तिकेत भडोचकडून आजच्या सोमालियाच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या मालाचीही यादी आहे : गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल, सुती कापड आणि वेळूतला मध, म्हणजे साखर.

त्या काळच्या व्यापाऱ्याला जहाज निवडण्याआधी वारा निवडावा लागे. हिवाळ्यात वारे ईशान्येकडून वाहतात, ते गलबत आफ्रिकेकडे नेतात. पावसाळ्याच्या वाऱ्यावर ते परत येते. 'मोसमी' हा शब्दही अरबी 'मौसिम'वरूनच आलेला आहे. चुकीच्या महिन्यात निघालेल्याला उत्तम जहाजही वाचवत नसे. आजचे विमान वाऱ्याला तितके बांधील नाही, तरी जहाजाआधी वारा हा क्रम अजून लागू पडतो. वाऱ्याची जागा आता तीन गोष्टींनी घेतली आहे : देशादेशांतील करार, साथरोगांचे नियम आणि तिथला पावसाळा.

आधी अंतरे पाहू. मुंबई ते नैरोबी सरळ रेषेत साधारण 4,530 किलोमीटर आहे. दुबईत उतरून गेले तर ते 5,480 च्या आसपास जाते आणि इथिओपियातील आदिस अबाबामार्गे जवळपास 5,000 होते. म्हणजे आदिसची वाट नकाशावर फारशी वाकडी नाही, दुबईची आहे. दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग मुंबईपासून सुमारे 6,970 किलोमीटर, दुबईमार्गे 8,300 हून अधिक. तरीही आपल्याकडचे असंख्य लोक आखातमार्गेच आफ्रिकेला जातात. असे का, हे समजून घेतल्याशिवाय तिकिटाच्या किमतीचा अर्थ लागत नाही.

1944 मध्ये शिकागोला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेपासून हवाई वाहतूक 'स्वातंत्र्यां'च्या भाषेत मोजली जाते. आपल्या देशातून दुसऱ्या देशात प्रवासी नेणे हे तिसरे स्वातंत्र्य, तिथून आपल्या देशात आणणे हे चौथे. दुबईची कंपनी मुंबईचा प्रवासी दुबईला आणते तेव्हा ती चौथे वापरते आणि त्यालाच पुढे नैरोबीला नेते तेव्हा तिसरे. दोन्ही जोडून झालेल्या प्रवासाला सहावे स्वातंत्र्य म्हणतात. मुंबई आणि नैरोबी ही दोन्ही गावे तिची नव्हेत, पण मधले जंक्शन तिचे आहे. आदिसचा धंदाही असाच चालतो. इथिओपियन एअरलाइन्स 1945 साली स्थापन झाली, आजही सरकारी मालकीची आहे, आणि आफ्रिकेतल्या इतक्या गावांना जोडलेली दुसरी कंपनी सापडणे अवघड. हे हक्क अमर्याद नसतात. भारत आणि दुबई यांच्या करारात दोन्ही बाजूंना आठवड्याला साधारण 66 हजार आसनांची मर्यादा आहे. मे महिन्यात आणि दिवाळीत ती आसने भरतात आणि भाडे चढते. तुमच्या एजंटाची त्यात फारशी करामत नसते.

सरळ विमानांचा इतिहास चढउतारांचा आहे. एअर इंडिया इंटरनॅशनलने 1950 मध्येच मुंबईहून एडनमार्गे नैरोबीची सेवा सुरू केली होती. पुढे ही वाट कधी चालू, कधी बंद राहिली. आज केनिया एअरवेज मुंबई-नैरोबी सरळ उडते, इंडिगोने ऑगस्ट 2023 मध्ये हीच वाट धरली, युगांडा एअरलाइन्सनेही त्याच वर्षी एंटेबेहून मुंबई गाठली. जोहान्सबर्गला मात्र मुंबईहून सरळ जाणारे साउथ आफ्रिकन एअरवेजचे विमान 2015 साली बंद झाले, ते परत आले नाही. वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बदलतात. म्हणून गेल्या वर्षी शेजारी ज्या विमानाने गेला ते यंदा असेलच, असे धरून चालू नये.

तात्या माळकरी. वय तेव्हा एकाहत्तर. चौथीच्या पुस्तकातला आफ्रिकी हत्ती मुलांना शिकवण्यात उमेद गेली, तो प्रत्यक्ष पाहायचा एवढीच हौस. काकू, तात्या, मी आणि माझी पत्नी असे चौघे निघायचे ठरले. पहिला बेत सर्वांचा असतो तोच होता : केनिया, मसाई मारा, मुंबईहून सरळ विमान, सहा तासांच्या आत नैरोबी. कागदावर याहून सोपे काही नाही.

अडचण लसीची निघाली. केनिया आणि इथिओपिया हे पीतज्वराच्या प्रदेशात मोडतात. भारतात हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या प्रत्येक गल्लीत आहे. डेंग्यू तोच पसरवतो. रोगाचा एक प्रवासी आणि आपला डास यांची गाठ पडू नये म्हणून भारत सरकार या बाबतीत फार कडक आहे. त्या प्रदेशातून सहा दिवसांच्या आत परतणाऱ्याकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते आणि 2016 पासून ते आयुष्यभर चालते. लस अधिकृत केंद्रांतच मिळते, गावच्या दवाखान्यात नाही. आपल्याकडच्या लोकांना त्यासाठी मोठ्या शहराची एक फेरी वेगळी धरावी लागते.

तरुणाला ही फेरी कंटाळवाणी वाटेल एवढेच. साठी ओलांडलेल्या माणसाची गोष्ट निराळी. ही लस जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते, आणि साठीनंतर ती पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण वाढते. ते प्रमाण फार थोडे आहे हे खरे. तात्यांच्या डॉक्टरांनी त्यांची प्रकृती आणि चालू औषधे पाहून स्पष्ट सांगितले, "गुरुजी, हत्ती बघायला जाताय. त्याच्यासाठी ही जोखीम मी घेऊ देणार नाही." लस न घेण्याचे वैद्यकीय पत्र मिळू शकते. ते मान्य करायचे की नाही हे मात्र परतीच्या विमानतळावरचा आरोग्य अधिकारी ठरवतो.

इथे विमान कंपनीची निवड पहिल्यांदा खऱ्या अर्थाने समोर आली. आम्ही देश बदलला. दक्षिण आफ्रिकेत पीतज्वर नाही. तिथे जायला त्या आठवड्यात सर्वांत स्वस्त तिकीट आदिसमार्गे होते, माणशी काही हजारांनी. पण पीतज्वराच्या प्रदेशात नुसते विमान बदलले तरी भारताचा नियम लागू होतो. संपूर्ण वेळ विमानतळाच्या आतच काढला असेल आणि आरोग्य अधिकाऱ्याला पटले असेल, तरच सूट. दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया हे देशही अशा विमानतळावर बारा तासांहून अधिक थांबलेल्याकडे प्रमाणपत्र मागतात. म्हणजे आदिसहून पुढचे विमान रद्द होऊन कंपनीने आपल्याला गावातल्या हॉटेलात नेले, की सगळे गणित बदलते. रोजच्या दिवशी यातले काही घडत नाही. पण एकाहत्तर वर्षांच्या माणसाचा परतीचा प्रवास अधिकाऱ्याला पटण्यावर टांगून ठेवायला माझे मन धजेना. नैरोबीमार्गे जाणारी वाटही याच कारणाने गळली. उरले आखात. लस घेतलेल्या माणसासाठी आदिसची वाट उत्तम आहे, हे इथेच सांगून ठेवतो.

देश बदलण्याला हंगामानेही साथ दिली. आम्हा मराठी माणसांच्या सुट्ट्या मे महिन्यात आणि दिवाळीत. पूर्व आफ्रिकेत मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरला. दोन्ही सुट्ट्या नेमक्या पावसात जातात! मारामधले ते प्रसिद्ध स्थलांतर, लाखो विल्डबीस्टांचे नदी ओलांडणे, जुलै ते ऑक्टोबर या काळात पाहायला मिळते. तेव्हा इकडे सोयाबीनची खुरपणी, फवारणी, नंतर काढणी. दक्षिण आफ्रिकेत मात्र मे महिन्यात कोरडा हिवाळा लागतो, गवत खाली बसते, जनावरे पाणवठ्यावर येतात. शेतकऱ्याला मे महिना मोकळा असतो आणि शिक्षकालाही.

आम्ही 2024 च्या मे महिन्यात गेलो. त्या वर्षी केनियात एप्रिल-मे मध्ये महापूर आला. मे च्या पहिल्याच दिवशी मसाई मारामधली तालेक नदी पात्राबाहेर आली, तंबूंच्या छावण्या पाण्याखाली गेल्या आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने हलवावे लागले. याच्या दोन आठवडे आधी, 16 एप्रिलला, दुबईत नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा सर्वांत मोठा पाऊस झाला आणि तो अवाढव्य विमानतळ काही दिवस विस्कळीत होता. आमची तिकिटे दुबईचीच होती. तात्या रोज सकाळी वर्तमानपत्र माझ्यापुढे धरून बोट ठेवत. जंक्शन कितीही चकचकीत असले तरी ते बंद पडू शकते, हे यातून दिसते. 2025 च्या जूनमध्ये, 23 तारखेला, कतारने आपले आकाश काही तास बंद केले तेव्हा दोह्याच्या वाटेवरची किती विमाने भलतीकडे उतरली, ते आपण पाहिलेच.

म्हणून कंपनी ठरवताना मी विचारतो की जंक्शनवर गाडी चुकली तर जबाबदारी कोणाची. हे समजायला आपल्याकडच्या जुन्या माणसांना वेगळी शिकवणी लागत नाही, कुर्डुवाडी आठवली की पुरे. बार्शी लाइट रेल्वेची ती अडीच फुटी नॅरोगेज 1897 साली सुरू झाली आणि पुढे येडशी, ढोकी करत लातूरपर्यंत पोचली. तिच्यातून उतरायचे आणि कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत बसायचे. दोन रूळ आणि दोन वेगळ्या कंपन्या. छोटी गाडी रखडली की मुंबईची गाडी शिटी देऊन निघून जायची.

विमानात हाच प्रकार वेगवेगळ्या तिकिटांनी होतो. मुंबई-दुबई एका कंपनीचे स्वस्त तिकीट आणि दुबई-जोहान्सबर्ग दुसरीचे, असे जुळवून पैसे वाचतात. पण पहिले विमान उशिरा पोचले तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखत नाही. तुम्ही तिच्या लेखी न आलेले प्रवासी. सामानही मध्येच उचलून पुन्हा द्यावे लागते, आणि त्यासाठी कधी त्या देशाचा व्हिसाही. एकाच आरक्षण क्रमांकावर सगळे टप्पे असतील तर चुकलेल्या विमानाची पर्यायी सोय कंपनीला करावी लागते. शिवाय तिकिटावर एका कंपनीचे नाव आणि प्रत्यक्ष उडणारे विमान दुसरीचे, असा भागीदारीचा मामला बराच चालतो. बारीक अक्षरांत 'चालवणारी कंपनी' लिहिलेली असते. ती ओळ वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

सामान हरवले किंवा फुटले तर मॉन्ट्रियल कराराने भरपाईची कमाल मर्यादा माणशी 1,519 एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी चलन. आजच्या दराने ही रक्कम पावणेदोन लाखांच्या वर जाते. फुटल्याची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा आल्याची एकवीस दिवसांत करायची. विमानतळ सोडण्याआधी तिथल्याच खिडकीवर नोंद करून पावती घेतलेली बरी.

घरापासून विमानतळापर्यंतचा हिशेब जाहिरातीत नसतो. धाराशिव ते मुंबई रस्त्याने चारशे किलोमीटर आहे. लातूर-मुंबई एक्सप्रेस रात्री धाराशिवहून जाते आणि सकाळी मुंबईत पोचते, म्हणजे पहाटेच्या विमानाला ती निरुपयोगी आणि दुपारच्या विमानाला उत्तम. चार हजारांनी स्वस्त विमान सकाळी लवकर सुटत असेल तर एक रात्र मुंबईत लॉज घ्यावा लागतो आणि ते चार हजार तिथेच जातात. उमरगा-नळदुर्गकडच्यांनी हैदराबादही बघावे. उमरग्याहून ते मुंबईच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर आहे आणि आखाती कंपन्या तिथूनही उडतात. निजामाच्या काळी आपली सगळी कामे तिकडेच होती, ती सवय तेवढ्यापुरती परत आणायला हरकत नाही. सोलापूरहून 2025 च्या जूनमध्ये गोव्याची विमाने सुरू झाली. सोलापूर-मुंबई विमानाने जायचे असेल, तर पुढचे टप्पे एकाच तिकिटात मिळतात का ते मात्र तपासावे लागेल.

तारखेचा एक घोटाळा आपल्या लोकांत विशेष होतो. पंचांगात दिवस सूर्योदयाला सुरू होतो, म्हणून रात्री दीडला आपल्या मनात अजून आदलाच वार चालू असतो. तिकिटाचा दिवस मध्यरात्री बदलतो. बारा तारखेचे एक वाजून दहा मिनिटांचे विमान म्हणजे अकरा तारखेला दुपारीच धाराशिव सोडायचे. मी घरच्या कॅलेंडरवर विमानाची तारीख लिहीत नाही, घराला कुलूप लावायची वेळ लिहितो.

तात्यांची अट एकच होती : जेवणाला वास येता कामा नये. विमानात खास जेवणाला चार अक्षरी खुणा असतात. 'एचएनएमएल' म्हणजे हिंदू जेवण, आणि नाव ऐकून माळकरी माणूस ते मागवतो. त्यात कोंबडी किंवा मटण असू शकते. शाकाहारी माणसाने 'एव्हीएमएल' मागवावे. जमिनीखालचे काही न खाणाऱ्यांसाठी 'व्हीजेएमएल', म्हणजे जैन जेवण. एकादशीची खूण अजून कोणी काढलेली नाही, त्यामुळे आम्ही तिथी बघूनच तिकिटे काढली. चाकाच्या खुर्चीचीही आगाऊ नोंद करता येते, तिला पैसे पडत नाहीत. तात्या आधी नको म्हणाले. दुबईच्या विमानतळावर दोन दारांमधले अंतर पाहिल्यावर निमूट बसले आणि पुढे तीन दिवस त्या ढकलणाऱ्या नेपाळी मुलाचे कौतुक करत राहिले.

शेवटी एमिरेट्स ठरले. मुंबई-दुबई तीन तास, दुबई-जोहान्सबर्ग आठ, एकच तिकीट, मध्ये साडेतीन तासांची फुरसत. जोहान्सबर्गहून क्रुगरऐवजी पिलानेसबर्ग निवडले. क्रुगर साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर, आपल्या जिल्ह्याच्या अडीचपट. पण तिथे काही महिने हिवतापाचे भय असते. पिलानेसबर्ग एका विझलेल्या ज्वालामुखीच्या वर्तुळात वसलेले, साडेपाचशे चौरस किलोमीटरहून थोडे मोठे, हिवतापमुक्त, आणि विमानतळापासून मोटारीने तीन तासांच्या आत. छोट्या विमानाची गरज नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीपुढून सोळा हत्ती रस्ता ओलांडून गेले. तात्यांनी ते मोजले, हजेरी घेतल्यासारखे.

सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियाहून आठ चित्ते भारतात आणले, तेव्हा त्यांच्यासाठी इंधन भरायला न थांबता येऊ शकेल असे लांब पल्ल्याचे विमान निवडले होते आणि प्रवास रात्रीचा ठेवला होता. जनावराच्या प्रकृतीवरून विमान ठरवले गेले, याचे मला तेव्हा फार बरे वाटले होते. माणसांच्या बाबतीत आपण किमतीच्या रकान्यापासून सुरुवात करतो.

आता आमच्या गल्लीतल्या पाच जणांचा गट पुढच्या वर्षी गणपती झाल्यावर मसाई माराला निघतो आहे. सगळे पन्नाशीच्या आतले, लस घेतलेले, दोघे सोयाबीनवाले आणि तिघे दुकानदार. त्यांना मी मुंबई-नैरोबी सरळ विमान घ्यायला सांगितले आहे. जंक्शन नाही आणि साडेनऊशे किलोमीटरचा वळसाही वाचतो. त्यांचा खरा प्रश्न नैरोबीला उतरल्यावर सुरू होईल. माराला जाणारी छोटी विमाने मोठ्या विमानतळावरून नव्हे, गावातल्या विल्सन विमानतळावरून सुटतात. त्यांत हातातल्या पिशवीसह माणशी पंधरा किलो, आणि तेही मऊ बॅगेत. चाकाची टणक सुटकेस घेत नाहीत. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, तेव्हा चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी स्टीलच्या डब्यात. पाचही जणांनी मोठ्या कंपनीच्या सामानाची मर्यादा पाहून सुटकेसी आणल्या होत्या. त्या परत करून आता कापडी बॅगा आणायच्या आहेत.